मुलास पाहिले, सुखरूप आहे

गृहभेटीच्या अहवालांत एक वाक्य मला वर्षानुवर्षे भेटत आले आहे: "मुलास पाहिले, सुखरूप आहे." कधी 'सुखरूप'च्या जागी 'ठीक' असते, कधी 'आनंदी व खेळकर' असते, पण वाक्याची ठेवण तीच. बालसंरक्षणाच्या कामात मी आता स्वतः घरोघर जाण्यापेक्षा इतरांनी केलेल्या भेटींचे अहवाल अधिक वाचते, आणि हे वाक्य आले की माझी पेन्सिल आपोआप तिथे थांबते. पाहिले म्हणजे किती वेळ पाहिले? दारातून पाहिले की शेजारी बसून? मूल जागे होते की झोपलेले? त्याच्याशी बोलणे झाले का, आणि झाले असेल तर त्या वेळी खोलीत आणखी कोण होते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चार शब्दांत नसते. तरीही केस चालू ठेवायची की बंद करायची, पुढची भेट आठवड्याने घ्यायची की तीन महिन्यांनी, हे सगळे त्याच चार शब्दांवर ठरते.

हे वाक्य मीही लिहिलेले आहे, आणि ते लिहिताना मनात काय चाललेले असते हे मला चांगले आठवते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पाच वर्षांच्या मुलाच्या घरी मी गेले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रात्री-अपरात्री आरडाओरडा ऐकू येतो, अशी कुणीतरी तक्रार केली होती. आईने दार लगेच उघडले, बसायला सांगितले, आणि पुढची चाळीस मिनिटे ती अतिशय मोकळेपणाने बोलत राहिली: पैशांची ओढाताण, मुलाचे हट्ट, तक्रार करणाऱ्यांचा जुना आकस. मुलगा टेबलाखाली बसून बटणांचे रंगांप्रमाणे ढीग लावत होता. त्याचा सावत्र बाप आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही. अधूनमधून नुसता खाकरत होता. तो खाकरला की मुलाचा हात जिथे असेल तिथेच थांबायचा, बटण चिमटीत तसेच धरलेले, आणि आवाज पुरता विरला की मग तो हात पुढे सरकायचा. असे तीनदा झाले, आणि तिन्ही वेळा मी ते पाहिले.

कार्यालयात परतून मी अहवाल लिहिला. घर नीटनेटके, आई सहकार्य करणारी, मुलाची वाढ वयानुरूप, अंगावर दिसण्याजोगी जखम नाही. मुलास पाहिले, सुखरूप आहे. थांबलेल्या हाताचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता, हे खरे. असा हात ही लिहून ठेवण्याची गोष्ट असते हे मला कुणी शिकवले नव्हते, हेही खरे. पण त्याहून खरे कारण मला पुष्कळ नंतर कळले. मी ते लिहिले असते, तर पुढच्या भेटीत आतल्या खोलीत जाऊन त्या माणसाशी बोलणे मला भाग पडले असते, आणि मला त्याची भीती वाटत होती. केस बंद झाली. सात महिन्यांनी तो मुलगा हाताचे हाड मोडून रुग्णालयात आला, आणि एक्स-रेमध्ये त्या ताज्या फ्रॅक्चरच्या जोडीला एक जुने, उपचारांविना आपले आपणच जुळून आलेले फ्रॅक्चर दिसले. मुलगा वाचला आणि पुढे आजीकडे वाढला. ते जुने फ्रॅक्चर माझ्या भेटीच्या आधीचे होते की नंतरचे, हे मी डॉक्टरांना विचारले नाही.

डोळ्यांसमोर असलेले मान्य करायला वेळ लागतो, आणि हा वेळ एकट्यादुकट्या कार्यकर्त्यालाच लागतो असे नाही. जॉन कॅफी या अमेरिकी बालरोग-क्ष-किरणतज्ज्ञाने 1946 मध्ये सहा तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेला होता आणि हातापायांची लांब हाडेही मोडलेली होती, पण ती कशाने मोडली याचा कुणाकडेही समाधानकारक खुलासा नव्हता. कॅफी यांनी जे दिसले ते काटेकोरपणे मांडले. आईबापांकडे बोट मात्र उघडपणे दाखवले नाही. ते बोट दाखवायला वैद्यकशास्त्राला आणखी सोळा वर्षे लागली. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'मारहाण झालेल्या बालकाची लक्षणे' या विषयावरचा लेख 1962 मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. एका वर्षात 71 रुग्णालयांत त्यांना अशी 302 मुले आढळली होती, आणि त्यांतली 33 दगावली होती. त्यानंतर मात्र गोष्टी भराभर घडल्या. 1967 पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा मुलांची माहिती कळवण्यासंबंधी कायदे केले. हाडे 1946 च्या आधीही मोडतच होती आणि त्यांच्या फिल्मा दिव्यासमोर धरल्याही जात होत्या. सभ्य दिसणारे, काळजीत पडलेले, मुलाला स्वतःच दवाखान्यात घेऊन आलेले आईबाप हे करू शकतात, एवढे एक वाक्य कुणाच्या लेखणीतून उतरत नव्हते.

या क्षेत्रात शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला व्हिक्टोरिया क्लिंबीए हे नाव माहीत होते. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेली ही मुलगी चांगले शिक्षण मिळेल या आशेने वडिलांच्या आत्याबरोबर पाठवली गेली आणि फ्रान्समार्गे 1999 मध्ये लंडनला पोहोचली. 25 फेब्रुवारी 2000 रोजी, वयाच्या आठव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात तिच्या अंगावर 128 वेगवेगळ्या जखमा आणि व्रण मोजले गेले. ती आत्या आणि तिचा साथीदार यांना खुनाची शिक्षा झाली. लॉर्ड लॅमिंग यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल जानेवारी 2003 मध्ये आला. त्यात 108 शिफारशी होत्या, आणि वेळीच हस्तक्षेप करता आला असता असे किमान बारा प्रसंग त्यात दाखवून दिलेले होते. ही मुलगी कुणाच्या नजरेस पडलीच नव्हती असे म्हणायला जागा नाही. अनेक भागांचे समाजसेवा विभाग, पोलिसांची बालसंरक्षण पथके आणि दोन रुग्णालये एवढ्या ठिकाणी तिची नोंद होती. पहिल्या रुग्णालयात तिच्या अंगावरच्या खुणांचे निदान खरूज असे झाले. एकदा तो शब्द कागदावर आल्यावर पुढच्या लोकांना तिच्या अंगावर खरूजच दिसत राहिली.

त्या अहवालातली मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट 128 या आकड्याहून साधी आहे. ज्या समाजकार्यकर्तीकडे ही केस सोपवलेली होती, ती व्हिक्टोरियाला चार वेळा भेटली, आणि त्या चारही भेटींत मुलीशी झालेले बोलणे एकत्र केले तर अर्धा तासही भरत नव्हते. मोठ्यांशी बोलणे भरपूर झाले होते. जागेच्या अडचणीविषयी, पैशांविषयी, अर्जांविषयी. त्या कार्यकर्तीवर क्षमतेबाहेर केसेस लादलेल्या होत्या आणि तिला मिळणारे पर्यवेक्षण नावापुरते होते, हेही चौकशीत पुढे आले. म्हणून मी तिच्याकडे दुरून बोट दाखवत नाही. माझ्या त्या टेबलाखालच्या मुलाशी मी किती मिनिटे बोलले होते? "काय करतोयस?" आणि "वा!", एवढेच.

व्हिक्टोरियाची केस ज्या भागात होती त्या लंडनच्या हॅरिंगे भागातच, 3 ऑगस्ट 2007 रोजी, पीटर कॉनेली हे सतरा महिन्यांचे बाळ दगावले. शेवटच्या आठ महिन्यांत वेगवेगळ्या खात्यांच्या लोकांनी त्याला साठेक वेळा पाहिले होते. मृत्यूच्या काही दिवस आधी झालेल्या एका गृहभेटीत त्याच्या तोंडाला आणि हातांना चॉकलेट फासलेले होते, आणि त्याखाली काळेनिळे डाग होते. ही बातमी वाचणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: अहो, ते तोंड पुसून का नाही पाहिले?

प्रश्न रास्त आहे. पण ज्याने कधी अशी भेट दिली आहे त्याला हेही ठाऊक असते की दुसऱ्याच्या घरात बसून, आई समोर असताना, तिच्या मुलाचे तोंड पुसायला सांगणे ही किती अवघड गोष्ट असते. गृहभेट हा मुळातच विचित्र प्रकार आहे. तुम्ही तिथे पाहुणे असता आणि तपासनीसही असता. पाहुण्याने इकडेतिकडे डोकावू नये, दिलेल्या जागेवर बसावे, यजमानाच्या बोलण्यात खंड पाडू नये, मुलांचे कौतुक करावे, हे संस्कार आपल्यात लहानपणापासून मुरलेले असतात. तपासनिसाचे काम याच्या नेमके उलट: मूल झोपते ती जागा पाहायची, बंद खोलीचे दार उघडायला सांगायचे, झोपलेल्या बाळाला उठवायला लावायचे, त्याला चालताना पाहायचे. पाहुणा आणि तपासनीस यांच्या या ओढाताणीत बहुतेक वेळा पाहुणाच जिंकतो, कारण त्याच्या बाजूने सगळी सभ्यता उभी असते. घरातल्या ज्या मोठ्या माणसाला काही लपवायचे आहे त्याला हे आपल्यापेक्षा चांगले कळते. तो आपले अगत्य वाढवतो आणि बोलणे लांबवतो. दिलेली वेळ संपत येते, पुढच्या घरची वेळ होते, आणि निघताना आपण मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतो. अहवालात त्या हात फिरवण्याचे 'मुलास पाहिले' होते.

यात भर पडते ती चांगल्या मनाची. डिंगवॉल, ईकेलार आणि मरे या अभ्यासकांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वृत्तीला 'आशावादाचा नियम' असे नाव दिले. पालकांच्या वागण्याचे जे दोन-तीन अर्थ निघू शकतात त्यांतला सर्वांत भला अर्थ निवडण्याकडे यंत्रणेचा कल असतो, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्या आईवर संशय घेणे म्हणजे तिच्या प्रेमावर संशय घेणे, आणि ते कुणालाच आवडत नाही. लॅमिंग यांच्या अहवालात यावर एक शब्दप्रयोग सापडतो, ज्याचे मराठी मी 'आदरयुक्त साशंकता' असे करते. माणसाशी आदराने वागायचे, पण त्याने सांगितलेले पडताळून पाहिल्याखेरीज खरे धरायचे नाही. हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात दोहोंपैकी एक हातातून निसटतेच. नवख्यांच्या हातून साशंकता निसटते आणि मुरलेल्यांच्या हातून आदर, असा माझा अनुभव आहे.

समाजकार्याच्या अभ्यासक आयलीन मन्रो यांनी ब्रिटनमधील 1973 ते 1994 या काळातले 45 चौकशी अहवाल तपासून 1999 मध्ये एक लेख लिहिला होता. माझ्या मते या कामात येणाऱ्या प्रत्येकाने तो पहिल्याच महिन्यात वाचावा. त्यांना सारखी आढळलेली चूक अशी की कार्यकर्ते एकदा मत बनवले की ते बदलायला फार वेळ लावतात. पहिल्या भेटीत 'धडपडणारी आई' असे ठरले की पुढच्या तक्रारी त्याच चौकटीत बसवल्या जातात, आणि चौकटीत न बसणारी माहिती खोटी नसली तरी किरकोळ ठरते. यावर मी एक साधा उपाय पाळते आणि इतरांनाही पाळायला लावते. प्रत्येक अहवालाच्या शेवटी, 'मी कशामुळे माझे मत बदलेन' हे एका वाक्यात लिहायचे. "पुढच्या भेटीतही मुलगा आईच्या परवानगीशिवाय बोलला नाही, तर मी माझे मत बदलेन," असे काहीतरी. मत अजून कच्चे असतानाच हे लिहिलेले असले, तर पुढे स्वतःचीच समजूत घालणे जड जाते. मन्रो यांनीच 2011 मध्ये इंग्लंडच्या बालसंरक्षण व्यवस्थेचा जो आढावा सादर केला, त्यात नियमाप्रमाणे काम करणे आणि योग्य ते काम करणे यांतला फरक ठळकपणे मांडला आहे. कार्यपद्धती वाढत गेली आणि कार्यकर्त्याचा वेळ संगणकाच्या पडद्यासमोर जाऊ लागला, हे त्यांचे निरीक्षण होते. (संगणकावरच्या फॉर्मविषयी माझे वैयक्तिक मत येथे लिहिण्याजोगे नाही. एवढेच सांगते की 'मुलाशी स्वतंत्र बोलणे झाले का' या प्रश्नासमोर 'होय' हा पर्याय आधीच निवडलेला असणारा फॉर्म मी पाहिलेला आहे.)

आता मुलाशी बोलण्याविषयी. इथे उत्साही माणूस निष्काळजी माणसाइतकेच नुकसान करू शकतो. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीत मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपांचे प्रकरण 1983 मध्ये सुरू झाले आणि अनेक वर्षांच्या खटल्यांनंतर 1990 मध्ये एकाही आरोपीला दोषी न ठरवता संपले. मुलांच्या मुलाखतींच्या ध्वनिचित्रफिती पाहिल्यावर लक्षात आले की मुलांना सूचक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले होते, अपेक्षित उत्तर दिल्यावर शाबासकी मिळत होती, आणि 'नाही' म्हटल्यावर तोच प्रश्न नव्या वेषात परत येत होता. त्या मुलांचे खरे काय झाले होते, हे त्यानंतर कुणालाही निश्चितपणे सांगणे शक्य राहिले नाही. या धड्यातून मुलांशी बोलण्याच्या पद्धतीवर पुष्कळ संशोधन झाले, आणि मायकेल लॅम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली मुलाखतपद्धती आज अनेक देशांत वापरली जाते. तिचा गाभा असा की प्रश्न उघडा ठेवायचा. "तुला कुणी मारले का?" असे न विचारता "काय झाले ते मला सगळे सांग" असे म्हणायचे, आणि मग "पुढे?" एवढेच.

त्या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग सुरुवातीचा आहे. मोठे माणूस चुकू शकते आणि मुलाने त्याची चूक दाखवली तर चालते, हे मुलाला आधी शिकवायचे असते. त्यासाठी पाच वर्षांच्या मुलाला विचारायचे, "मी म्हटले की तू दोन वर्षांची मुलगी आहेस, तर तू काय म्हणशील?" एका मुलाने यावर माझ्याकडे असे काही पाहिले होते की मला स्वतःचीच कीव आली, आणि मग तो ठणकावून म्हणाला, "तुम्हाला नीट दिसत नाही का?" त्याच्या तोंडचे ते पहिले पूर्ण वाक्य होते. त्यानंतर तो बोलत गेला. मोठ्यांना 'तुमचे चुकले' म्हणता येते, हे त्या घरातल्या मुलाला बहुधा प्रथमच कळत होते. 'माहीत नाही' म्हटले तरी चालते, 'आठवत नाही' म्हटले तरी चालते, हेही असेच आधी सांगून ठेवायचे. "मी कुणालाही सांगणार नाही" असे वचन मात्र कधीही द्यायचे नाही. ते पाळता येत नाही, आणि आधीच एकदा विश्वासघात झालेल्या मुलाचा दुसरा विश्वासघात आपल्या हातून होतो.

न पाहण्याची चूक जशी असते तशी घाईने पाहिल्याचीही असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ईशान्य इंग्लंडमधील क्लीव्हलँड. 1987 च्या काही महिन्यांत तिथे 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान झाले. त्यात एका शारीरिक लक्षणाला अवास्तव वजन दिले गेले होते. अनेक मुलांना घरांतून हलवण्यात आले, आणि त्यांतली बहुतेक पुढे घरी परतली. न्यायाधीश एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या चौकशी अहवालात, 1988 मध्ये, एक वाक्य आले जे आजही प्रशिक्षणात सांगितले जाते: मूल ही एक व्यक्ती आहे, काळजी करण्याची वस्तू नव्हे. मॅकमार्टिनमध्ये मुलांना फार विचारले गेले, क्लीव्हलँडमध्ये मुलांच्या शरीरांची फार तपासणी झाली, व्हिक्टोरियाशी कुणी फारसे बोललेच नाही. तिन्ही ठिकाणी मूल काय म्हणते याआधी मोठ्यांचे ठरलेले होते.

जखमांविषयी थोडक्यात सांगते, कारण निदान हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे. पण दोन गोष्टी गृहभेट करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हव्यात. जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभे राहत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग सहसा उमटत नाही. उमटला असेल तर तो कितीही लहान असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. दुसरे, डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे खात्रीने सांगता येत नाही. "पिवळा पडलाय, म्हणजे जुना आहे" हे वाक्य मी मुरलेल्या लोकांच्याही अहवालांत खोडलेले आहे. चालत्या-धावत्या मुलाच्या गुडघ्याला, नडगीला, कपाळाला लागतेच. कान, मान, पोट आणि पाठ या जागा मात्र पडून-धडपडून सहजी दुखावत नाहीत.

गरिबी आणि हेळसांड यांतली रेषा हा मला याहून कठीण वाटणारा विषय आहे. घरात सामान कमी, अंथरूण फाटके, मुलाच्या पायात मापाची पादत्राणे नाहीत, ही यादी डोळ्यांना चटकन दिसते आणि लिहायला सोपी असते. म्हणून ती अहवालात ऐसपैस पसरते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ आर्थिक वा भौतिक हलाखी हे मुलाला आईबापांपासून वेगळे करण्याचे कारण असू शकत नाही. ती कुटुंबाला आधाराची गरज असल्याची खूण मानावी. 1989 च्या बालहक्क संहितेतील कलम 9 मुलाला विनाकारण आईबापांपासून तोडू नये असे सांगते आणि कलम 19 त्याला त्याच आईबापांच्या हिंसेपासून वाचवा असे सांगते. आमचे बहुतेक दिवस या दोन कलमांच्या मधल्या जागेत जातात. घरातून काढणे ही जखमच असते, मूल ज्या घरातून काढले ते घर कितीही वाईट असले तरी. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीने नव्या जागी गेल्यावर महिनाभर आपली पिशवी उघडली नव्हती. ती रोज रात्री पिशवीची चेन नीट बंद आहे ना, एवढे तपासून झोपायची. 'मुलगी रुळली आहे' असे तिथल्या नोंदवहीत लिहिलेले होते.

आणि मग पर्यवेक्षण. इझाबेल मेंझीस यांनी 1960 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयातील परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दुखणे आणि मरण रोज जवळून पाहण्याची भीती आवरता यावी म्हणून संपूर्ण रुग्णालयाने कामाची अशी वाटणी करून घेतली होती की कोणतीही परिचारिका एका रोग्याजवळ फार वेळ राहू नये. रोगी नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने वा दुखण्याने ओळखला जाई. तो अभ्यास वाचताना मला आमचे केस-क्रमांक आठवले. मूल त्रासात आहे हे खरोखर पाहणे असह्य असते, आणि आपल्या यंत्रणेतल्या कितीतरी गोष्टी, वारंवार बदलणारे कार्यकर्ते, रकाने, केस एका खात्याकडून दुसऱ्याकडे पाठवण्याची साखळी, आपल्याला ते असह्य पाहणे टाळू देतात. घराची घंटी वाजवल्यावर कुणी दार उघडले नाही तर सुटल्यासारखे वाटते, हे मी पहिल्यांदा मोठ्याने कबूल केले तेव्हा माझ्या त्या वेळच्या पर्यवेक्षिका बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मलाही वाटायचे." त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने शिकवले नव्हते. त्यानंतर मी घाबरण्याचेही टिपण ठेवू लागले. कोणत्या घरात कुणाच्या कोणत्या हालचालीने भीती वाटली, हे लिहिले की पुष्कळदा लक्षात येते की त्या घरातले मूलही त्याच हालचालीला घाबरते आहे. तो खाकरण्याचा आवाज मला टेबलाखालच्या मुलाइतकाच ऐकू येत होता.

म्हणून हल्ली मी अहवाल परत पाठवते. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत प्रश्न लिहिते: हात कुठे होते? कुणाकडे पाहत होता? तुम्ही उठलात तेव्हा काय केले? काही जण चिडतात. एकाने मला तोंडावर सांगितले की तुम्हाला अहवाल नको आहे, कादंबरी हवी आहे. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. तपशिलाच्या हौसेने अहवाल फुगतो, आणि पंधरा पानांत महत्त्वाची ओळ जितकी सहज हरवते तितकी चार ओळींत हरवत नाही. मला पाने नको आहेत. निष्कर्षाच्या आधी जे दिसले ते हवे आहे, मग ते दोनच ओळींत का असेना.

गेल्या आठवड्यात एका नव्या कार्यकर्तीचा अहवाल आला. सहा वर्षांची मुलगी, दुसरी भेट. तिने लिहिले होते: "मुलगी पहिली पंधरा मिनिटे माझ्याशी बोलली नाही. आई दुसऱ्या खोलीत होती, दार उघडे होते. मी काही न विचारता कागदावर घर काढत बसले. घर, खिडकी, दार. मुलीने पेन्सिल घेतली आणि माझ्या दाराला बाहेरच्या बाजूने कडीचे चित्र काढले. मी विचारले, हे काय आहे? ती म्हणाली, कडी. मी म्हटले, मला आणखी सांग. ती म्हणाली, आता नको. याचा अर्थ काय, हे मला अजून माहीत नाही. घरात मी फक्त बाहेरची खोली पाहिली; आतल्या दारांना कड्या कुठून आहेत हे पाहिलेले नाही."

त्या समासात मी काही लिहिले नाही. पुढची भेट तीन आठवड्यांनी ठरलेली होती; ती खोडून मी मंगळवार लिहिला, आणि बरोबर जायला स्वतःचे नाव घातले.